उजेडाकडे तोंड

दुपार कलली की आमच्या माजघरात आवाज भरायला लागायचा. गल्लीतली पोरं शाळेतून येऊन दप्तरं टाकायची, चहात पाव बुडवून खायची आणि तोंड पुसत पुसत आमच्या दारात यायची. मागच्या पडवीत रांजणाजवळ तांब्या असे. तिथं हातपाय धुवायचे, वजू म्हणजे नमाजाआधी करतात तशी शुद्धी करायची, मुलींनी ओढणी डोक्यावर घ्यायची, मुलग्यांनी टोपी घालायची आणि भिंतीला पाठ लावून चटईवर ओळीनं बसायचं. प्रत्येकासमोर पुस्तक ठेवायची लाकडाची घडीची रेहाल. अगदी लहान असेल तर रेहालवर कायदा, म्हणजे अरबी अक्षरं शिकायचं पातळ पुस्तक. कायदा संपला असेल तर सिपारा, म्हणजे कुराणाच्या तीस भागांतला एक. ज्याचा त्याचा धडा वेगळा, आणि प्रत्येकानं तो मोठ्यानं, डुलत डुलत वाचायचा, सगळ्यांनी एकाच वेळी. नवीन माणसाला तो बाजाराचा गलका वाटे. आमच्या मागं लाकडाची वखार होती, बाबा तिथं कामाला. करवतीचा आवाज चालू असे. पलीकडं स्टेशनात घाटाला लावायचं जादा इंजिन शिट्टी मारी. या सगळ्यावर पोरांचा तो आवाज चढत जाई.

शिकवायची माझी फुफी. बाबांची मोठी बहीण, सकीना. लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा होऊन ती माहेरी आली ती कायमचीच. गल्लीतली सगळी पोरं तिला आपा म्हणत, आणि हळूहळू पोरांचे आईबापही तेच म्हणायला लागले. ती पोरांसमोर बसत नसे. एकेकाला नवा धडा देऊन झाला की ती आत चुलीपाशी जाई आणि आमच्याकडं पाठ करून तांदळाच्या भाकऱ्या थापायला घेई. उकडीचा वास, परातीवरच्या थापटीचा ठेका, आणि मध्येच तिचा आवाज: "अल्ताफ, परत." तेवढंच. इतक्या गलक्यात अल्ताफचंच चुकलं आणि तेही नेमकं कुठं, हे तिला पाठमोरं असताना कसं कळायचं, ते मला आजही सांगता येणार नाही. अल्ताफ मान खाली घालून मागच्या ओळीवर जाई, आणि या वेळी बरोबर वाचलं की आतून भाकरी उलटल्याचा आवाज येई. तीच शाबासकी. तिनं कुणाला मारलेलं मी पाहिलं नाही. छडी घरातच नव्हती.

मीही त्याच चटईवर शिकले. पण ज्या दिवसांबद्दल मला लिहायचं आहे, तेव्हा मी एस.टी.नं खोपोलीच्या कॉलेजात जायला लागले होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकच्या पुढं गेलेलं नव्हतं. सायन्स घेतलं होतं. का घेतलं, हे विचारलं असतं तर मला धड उत्तर देता आलं नसतं. मास्तर म्हणाले म्हणून घेतलं. वर्गात मी शेवटच्या बाकावर बसे आणि उत्तर येत असलं तरी हात वर करत नसे. दुपारी घरी आले की चटईच्या टोकाला बसून भात आणि सुकटीची चटणी खायची आणि पोरांचा तो गलका ऐकायचा. त्यात मला मोकळं वाटे. तिथं आपलं काही चुकेल अशी भीती नव्हती.

त्या ओळीत दाराशेजारी रुकू बसायची. रुकय्या. सायकल दुरुस्तीवाल्या दाऊदभाईंची मोठी मुलगी, पहिलीत की दुसरीत असेल. तिच्या पुढच्या दातांत फट होती आणि ओढणी सारखी घसरायची. बाकी सहज वाचायची, पण ऐनला अडायची. ऐन हे अरबीतलं अक्षर आपल्या अ-सारखं नाही. ते घशाच्या मधून, दाबून काढावं लागतं. आमच्या कोकणी पोरांना ते लवकर येत नाही, सगळी अ म्हणूनच वेळ मारून नेतात. कायद्यापर्यंत फुफी चालवून घ्यायची. पण कायदा संपला की मुलांना शेवटचा सिपारा आधी देतात, आणि त्या सिपाऱ्याचा पहिलाच शब्द ऐननं सुरू होतो: अम्म. तिथं मात्र फुफीचा नियम होता. ऐन घशातून निघाला नाही तोवर त्या ओळीच्या पुढं जायचं नाही. "उंबऱ्यावरच ठेच लागली तर घरात काय चालणार?" असं ती म्हणे.

रुकू उंबऱ्यावरच अडली. तिच्या मागून आलेली पोरं पान उलटून पुढं गेली आणि ती आपली पहिल्या ओळीवर, पानातलं खुणेचं मोराचं पीस त्याच जागी. रोज अम्म, अम्म. फुफी तिला जवळ घेऊन गळ्यावर बोट ठेवून दाखवायची.

"हितून काढ. जिभेतून नको. बकरी वरडती तशी वरड बघू."

"मॅ," रुकू म्हणायची, आणि सगळी ओळ फिदीफिदी हसायची.

"हसू नका रं. तुमी काय आईच्या पोटातून शिकून आलाव? रुकू, बकरी कुठून वरडती?"

"पडवीतून."

यावर आत तांदूळ निवडणारी माझी अम्मासुद्धा हसायची. फुफीच तेवढी हसायची नाही. "बकरीला येतंय गं, तुला कसं नाय येत?" असं म्हणून ती परत चुलीकडं जायची. नंतर रुकू खरंच पडवीत जाऊन आमच्या बकरीसमोर उकिडवी बसायची, तिच्या तोंडात वाकून बघायची आणि अम्म, अम्म करायची. बकरी पाला चघळत तिच्याकडं बघत राही. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोर इतकं स्वच्छ आहे की कधी कधी वाटतं, बाकी सगळं मीच मागून रचलं असेल आणि खरं तेवढंच असेल.

भात कापणीला आला होता. एका दुपारी मी कॉलेजातून आले, चप्पल काढते आहे तोवर फुफीनं आतून हाक मारली. "शमे, ये ये, लवकर ये. ऐक." ती चुलीपासून उठून आली होती, हाताला उकड तशीच. तिनं रुकूला माझ्यासमोर उभं केलं. "म्हण गं परत."

रुकूनं म्हटलं, "अम्म."

घशातून आला होता. जाड, खोल, भरलेला. त्या लहान जिवातून तो आवाज यावा याचं मला नवल वाटलं. फुफीचा चेहरा असा उजळला होता की मी तिला तसं कधी पाहिलंच नव्हतं. "बघितलंस? म्हटलं नव्हतं, निघंल म्हणून? परत म्हण, बाळा." रुकूनं परत म्हटलं. आणखी एकदा म्हटलं. तिचे गाल लाल झाले होते. ते आनंदानं झालेत असंच आम्हांला वाटलं. फुफीनं डब्यातून गुळाचा खडा काढून तिच्या तोंडात घातला आणि स्वतःच्या हातानं मोराचं पीस पुढच्या पानावर ठेवलं. रुकूनं गूळ लगेच गिळला नाही. तो गालात धरून ती पुढची ओळ वाचत राहिली. तो तिला गिळता येत नव्हता, हे मला फार नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. ताप आलाय, असं अल्ताफ सांगत आला. फुफीनं अम्माकडून काढा करून पाठवला. त्यानंतरच्या सकाळी स्टेशनजवळच्या डॉक्टरांनी तिचा घसा बघितला आणि पनवेलला न्या म्हणाले, आत्ताच्या आत्ता न्या. दाऊदभाईंनी टेंपो केला. टेंपो वाटेतल्या चौक गावाच्या पुढं गेलाच नाही, तिथूनच परत फिरला. दुपारी, ज्या वेळी आमच्याकडं पोरं बसायची त्या वेळी, तिला कबरस्तानात नेलं. त्या दिवशी पोरं आली नाहीत. चटई गुंडाळून भिंतीला उभी होती आणि फुफी चुलीपाशी बसून होती. चूल पेटवलेली नव्हती.

संध्याकाळी मशिदीचे पेशइमाम दाऊदभाईंकडं बसायला गेले. म्हातारे, मऊ बोलणारे गृहस्थ. रुकूची आई हलीमाभाबी दाराआड बसली होती. तिला ऐकू जावं म्हणून ते थोडं मोठ्यानं म्हणाले की, जे लेकरू कुराण शिकता शिकता जातं त्याचं शिकणं अर्धं राहत नाही, फरिश्ता त्याला कबरीत पुढचं शिकवतो, असं आपल्या बुजुर्गांनी सांगितलं आहे. बायका रडायला लागल्या. मी तिथंच बायकांत फुफीशेजारी बसले होते. ती रडली नाही. तिनं फक्त मान वर करून त्यांच्याकडं बघितलं, एखाद्यानं तिला पत्ता सांगावा आणि तिनं तो नीट लक्षात ठेवावा, तसं.

दुसरी गोष्ट बाबांनी सांगितली, जेवताना. सरकारी दवाखान्यातली नर्सबाई गल्लीत येऊन सगळ्या पोरांना सुया टोचून गेली होती, त्यावरून बोलणं निघालं. "घटसर्प म्हंत्यात त्याला," बाबा म्हणाले. "घशात आतून पडदा धरतो. डॉक्टर सांगत होता, पहिलं आवाजावर जातं. आवाज जाड होतो, घोगरा होतो. तवाच कुणाच्या ध्यानात आलं असतं तर..." बाबा साधेपणानं सांगत होते, त्यांना काहीच माहीत नव्हतं. फुफी भाकरी वाढत होती. भाकरी बाबांच्या ताटावर तशीच अधांतरी राहिली. मग तिनं ती ठेवली, हात धुतला आणि पडवीत गेली. मी तिच्या मागं गेले नाही. मीसुद्धा तो आवाज ऐकला होता. पण मला तो कुठून येतोय हे ओळखायचं काम नव्हतं. तिचं उभं आयुष्य त्याच कामात गेलं होतं. गलक्यातून एका पोराची एक चूक पाठमोरी पकडणाऱ्या बाईनं त्या लेकराच्या घशातला आजार ऐकला होता, आणि तिला तो बरोबर उच्चार वाटला होता.

थोड्या दिवसांनी पोरं परत यायला लागली. चटई अंथरली गेली. दाराशेजारची रुकूची जागा कुणी सांगितलं नसताना मोकळी राहिली. पोरं दाटीवाटीनं बसत, पण तिथं सरकत नसत. फुफीनं धडे दिले आणि ती आत गेली. करवत चालू होती, पोरं वाचत होती, भाकरीची थापटी ऐकू येत होती. मी चटईच्या टोकाला जेवत होते. सगळं पूर्वीसारखं झालं असं मला वाटलं, आणि तेवढ्यात फुफी आतून म्हणाली, नेहमीच्याच आवाजात:

"रुकू, राहू दे. घशातून नको. पुढं वाच."

गलका एकदम तुटला. शेवटचा आवाज अल्ताफचा होता, तोही एका अक्षरावर लटकून राहिला. पोरांनी मोकळ्या जागेकडं बघितलं. आत थापटी चालूच होती. मग भाकरी उलटल्याचा आवाज आला. एक मुलगी रडायला लागली आणि सिपारा छातीशी धरून पळाली. तिच्या मागं बाकीची.

त्यानंतर असं पुष्कळदा झालं. रोज नाही. कधी चार दिवस काहीच होत नसे आणि मग अचानक, चांगला गलका चालू असताना, आतून ते वाक्य. बोलणं गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. आपांवर साया पडलाय. त्या घरात मेलेल्या पोरीचा आवाज येतो. आमची शेजारीण अम्माला कुंपणावरून म्हणाली, "राग मानू नको गं, पण माझं पोर आता मोठ्या मशिदीतच जाईल. झोपेत दचकतंय." एकेक रेहाल घरी गेली. बाबांनी कुणाकडून तरी पाणी दम करून, म्हणजे दुआ पढून त्यावर फुंकर घालून आणलं, ते फुफीनं निमूट प्यायलं आणि दुसऱ्या दिवशी परत रुकूला पुढं वाचायला सांगितलं.

मी एकदा तिला विचारलं. भर दुपार होती, ती अंगणात सुकट वाळत घालत होती. "फुफी, तुला ऐकू येतं का गं ती?"

"तुला नाय येत?" तिनं मला उलटच विचारलं. मग सुकटीवरचा कावळा हाकलून म्हणाली, "इमामसाब म्हणालं ना, फरिश्ता शिकवतो. शिकवत आसंल. पण त्याला काय म्हाईत हिची खोड? तो म्हणंल घशातून काढ. ती आज्ञाधारक हाय, काढंल बिचारी. काढत बसंल." तिनं माझ्याकडं बघितलं. डोळे अगदी शांत, शहाण्या बाईचे. "म्हणून मी सांगते. राहू दे म्हणते. तिला घशातून काढायला मीच लावलंय, तर नको म्हणायलाबी मीच पायजे. दुसऱ्याचं ती ऐकायची नाय."

त्याच आठवड्यात आमच्या जीवशास्त्राच्या सरांनी वर्गात घशाचा मोठा रंगीत तक्ता लावला. माणसाचं डोकं मधोमध कापलेलं. सर पट्टीनं दाखवत होते, ही श्वासनलिका, ही अन्ननलिका, हा स्वरयंत्राचा भाग. मला त्या गुलाबी बोगद्यात, अगदी मधोमध, फुफीचं बोट दिसायला लागलं. हितून काढ. सरांना न विचारता मी वर्गाबाहेर आले. इतक्या वर्षांच्या शिक्षणात मी तेवढं एकदाच केलं. बाहेर नळाला तोंड लावून पाणी पीत राहिले.

चटईवर आता दोन-तीनच पोरं उरली होती, ज्यांच्या घरी दुसरी सोय नव्हती अशी. बाबा मला म्हणाले, "तू बस ना थोडे दिवस तिच्या जागी. तुला येतंय की सगळं. गल्लीतलं हे बंद झालं तर ती कशावर जगंल?" भाकरीवर जगण्याबद्दल ते बोलत नव्हते. फुफीला दुसरं काही नव्हतंच. नवरा नाही, मूल नाही. दुपारी घरात भरणारा तो आवाज हेच तिचं सगळं. तो गेला तर तिथं फक्त एकच आवाज उरणार होता, आणि तो तिच्याशिवाय कुणाला ऐकू येत नव्हता. मी बसले. पोरांकडं तोंड करून बसले, कारण पाठमोरं ऐकायची विद्या माझ्याजवळ नव्हती. तिघं एकदम वाचायला लागले की माझा गोंधळ उडे. आणि खरं सांगायचं तर, मी मनातल्या मनात त्या तिघांचे आवाज मोजत बसायची. ते तीनच आहेत याची खात्री करून घेत. कधी कधी ती पटकन होत नसे.

हलीमाभाबी आली ती अशाच एका दुपारी. रुकू गेल्यापासून ती आमच्या घरी आली नव्हती. तिनं धाकट्या झुबीचा हात धरला होता. झुबीच्या डोक्यावर नवी कोरी ओढणी होती, कपड्यात गुंडाळलेला कायदा काखेत होता आणि दुसऱ्या हातात बताश्यांचा पुडा. बताशे बघून मी समजले. मुलाला पहिलं अक्षर द्यायचं असतं तेव्हाच ते आणतात.

अम्मा घाईनं उठली. "भाबी, अगं, निरोप तरी धाडायचा."

"निरोप कशाला? आपा हायत ना?" हलीमाभाबी म्हणाली. गल्लीत काय बोललं जातं हे तिला माहीत नसणं शक्यच नव्हतं.

फुफी चुलीपासून उठून दारात आली. झुबीकडं तिनं बघितलं आणि चौकट धरली. "हिला मशिदीत बसव, हलीमा."

"का?"

"मी आता शिकवत नाय."

"तुमी नाय शिकवत तर घरातून आवाज कसला येतो?" हलीमाभाबी म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. चटईवरच्या पोरांनी वाचणं थांबवलं. मी त्यांना बाहेर जा म्हणायला हवं होतं, पण मलाच हलता येत नव्हतं.

फुफी एकदम म्हणाली, "तुझी पोर माझ्यासमोर आजारी झाली. हितं, या जागेवर. तिचा आवाज जाड झाला व्हता, आन मला वाटलं ऐन आला. मी खूश झाले, हलीमा. तिला परत परत म्हणायला लावलं. त्या घशातून. गूळ दिला." एवढं बोलून ती खाली बसली, उंबऱ्यावरच. "मला कळायला पायजे व्हतं. दुसऱ्या कुणाला नाय तरी मला. आता तुझी दुसरी माझ्याकडं आणू नको."

मला वाटलं आता हलीमाभाबी ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं असंही वाटलं. तिनं झुबीचा हात सोडला. पदराचं टोक तोंडाशी नेलं आणि तसंच धरून ठेवलं.

"घरी पळत आली व्हती," ती म्हणाली. "आई, माझा ऐन निघाला, म्हणाली. मी कपडे पिळत व्हते. म्हटलं, दाखव बघू. तिनं दाखवला. मला काय कळतंय त्यातलं? पण चांगला वाटला. मी तिच्या बापाला हाक मारली दुकानातून. म्हटलं, आवो या, तुमची पोर बघा कशी मौलवीणबाईसारखी वाचती. तो आला, हात काळे तसेच. त्याच्यासमोर म्हणायला लावलं. मग सासूबाईंसमोर." तिनं तोंडाशी धरलेला पदर सोडला. "आपा, सगळ्या घरानं म्हणून घेतला तिच्याकडून. झोपेपर्यंत म्हणत व्हती."

वखारीतली करवत मध्येच थांबली होती. फुफीनं वर बघितलं. त्या दोघी एकमेकींकडं ज्या नजरेनं बघत होत्या ती मी नंतर कुठंच पाहिली नाही. क्षमा मागणं, करणं असलं काही त्यात नव्हतं. आतापर्यंत एकटीनं उचललेलं ओझं दुसरीच्याही डोक्यावर आहे हे दिसल्यावर माणूस जसा बघेल, तसं होतं ते.

मोठी माणसं गप्प झाली हे बघून झुबी कंटाळली असावी. ती सरळ चटईकडं गेली आणि दाराशेजारच्या त्या मोकळ्या जागेवर बसली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मोकळी दिसली म्हणून बसली. अल्ताफनं माझ्याकडं घाबरून बघितलं. झुबीनं कायद्यावरचं कापड सोडलं, रेहाल उघडायला बघितली, ती उलटी उघडली.

फुफी उठली. रेहाल सरळ करायला ती खाली वाकली आणि तशीच थबकली. मग तिनं झुबीची हनुवटी धरली आणि तिचं तोंड दाराकडं, उजेडाकडं वळवलं.

"आ कर."

झुबीनं आमच्याकडं बघितलं.

"कर बाळा. मोठा आ कर."

झुबीनं तोंड उघडलं. फुफी डोळे बारीक करून आत बघत राहिली, पुष्कळ वेळ, विहिरीत काही पडलेलं शोधावं तसं. हलीमाभाबी मागं येऊन तिच्या खांद्यावरून वाकली. तीही बघायला लागली. दोन बाया एका लहान पोरीच्या घशात बघत होत्या, आणि झुबीची लाळ गळायला लागली तरी तिला कुणी तोंड मीट म्हणेना.

"साफ हाय," शेवटी फुफी म्हणाली. मग तिनं पहिल्या अक्षरावर झुबीचं बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून तो नेम झाला. वजू करून आलं की आधी दारात उभं राहायचं, उजेडाकडं तोंड करायचं आणि आ करायचा. फुफी बघायची, साफ हाय म्हणायची, मग चटईवर बसायचं. पोरांना त्याची गंमत वाटे. पुढं ती न सांगताच रांगेत जबडे वासून उभी राहायला लागली. झुबी आली म्हणून दुसरी आली, दुसरी आली म्हणून गेलेलीही परतली. आतून येणारं ते वाक्य मी पुन्हा ऐकलं नाही. ऐन मात्र फुफीनं त्यानंतर कधीच कुणाकडून घोटून घेतला नाही. पोरांनी अ म्हटलं की आत थापटी क्षणभर थांबायची आणि परत चालू व्हायची. कर्जतच्या आमच्या गल्लीतली एक अख्खी पिढी ऐनला अ म्हणत मोठी झाली. आमची पोरं बाहेर नमाज पढवायला उभी राहिली की लोक हसत, म्हणत, यांना शिकवणारा कच्चा होता.

मी कॉलेज पुरं केलं. शाळेत शिकवलं, लग्न झालं, गावं बदलली. फुफी जाऊनही आता खूप वर्षं झाली. शेवटच्या आजारात तिला कुणी ओळखू येत नसे, पण आमच्या पोरांपैकी कुणी खाटेजवळ आलं की ती हात लांबवून त्याची हनुवटी चाचपायची.

मागच्या वर्षी खालापूरला एका ओळखीच्यांकडं गेले होते. घरातली सून तरुण, कुठल्याशा कंपनीत कामाला. माहेर कर्जतचं आहे म्हणाली, पण आमच्या गल्लीतलं कुणी तिला ठाऊक नव्हतं. आम्ही चहा घेत होतो. तिची लहान मुलगी हात धुऊन आली, ओढणी घेतली, रेहाल मांडली, तीवर सिपारा ठेवला. मग वाचायला बसायच्या आधी ती खिडकीपाशी गेली, उजेडाकडं तोंड केलं आणि मोठा आ केला. तिच्या आईनं कप हातातच धरून वाकून बघितलं. "साफ आहे. बस, वाच."

मी विचारलं, हे कशासाठी?

"हे?" ती हसली. "असंच असतं ना. वजूनंतर करतात. माझ्या आईनं मला शिकवलं, तिला तिच्या आपांनी." मग थोडी गोंधळून म्हणाली, "तुमच्याकडं नाही करत?"

खरं सांगून मी तिच्या हातचं काय काढून घेणार होते? मुलगी बसली होती. तिनं पान उघडलं, डुलायला लागली आणि वाचलं, "अम्म." हल्लीच्या पोरांना मोबाइलवर ऐकून उच्चार येतात. ऐन घशातून आला, खोल, भरलेला, बरोबर.

मी चहाचा कप खाली ठेवला, उठले आणि तिच्याजवळ जाऊन बसले.

"बाळा," मी म्हटलं, "परत एकदा आ कर."